सुके बोंबील घेऊन दीवला

माझ्या नोकरीला वीस वर्षं पूर्ण झाली त्या महिन्यात मी आईला विचारलं, "तुला कुठे फिरायला नेऊ? सांग." मला वाटलं होतं ती शिर्डी म्हणेल, नाहीतर कार्ल्याची एकवीरा. आई ओट्यावर बसून करंदी, ती बारीक कोळंबी, निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दीवला."

"दीव? तिकडे लोक दारू प्यायला जातात आई."

"पिऊ दे. आपल्याला तांडेलाकडं जायाचं हाय."

तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. आमच्या गावात तांडेल पुष्कळ आहेत, पण आमच्या घरात नुसतं 'तांडेल' म्हटलं की एकच माणूस, दीवचा. तो आमच्या घरी आठ दिवस राहून गेला तेव्हा मी सातवीत होते.

आमचं गाव तारापूरच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी. बाबा डोलीचं जाळं लावायचे. समुद्रात खुंट रोवून त्याला बांधायचं, मोठ्या पिशवीसारखं जाळं असतं ते. भरती-ओहोटीबरोबर मासळी आत येते. त्या वर्षी गावात सगळेच चिडलेले होते. वरच्या अंगाच्या, गुजरातकडच्या बोटी आमच्या हद्दीत येत, वेगात जात आणि जाळी फाडून निघून जात. बाबांचंही एक नवंकोरं जाळं त्या मोसमात तुटून वाहून गेलं होतं. अशात दिवाळीनंतर वादळ आलं आणि दीवची एक बोट इंजिन बंद पडून आमच्या समोरच्या खडकांना येऊन लागली. आत सहा माणसं.

गावातल्या काही जणांचं म्हणणं होतं, पोलिसांना कळवा आणि राहू दे तशीच. बाबा आणि आणखी चौघं होडी घेऊन गेले आणि सगळ्यांना काढून आणलं. पाच जणांची सोय देवळात झाली. तांडेलाचा उजवा हात दोराने कापला होता, पंजा आरपार उघडा पडला होता. आई म्हणाली, "ह्याला देवळात कुठं झोपवता? आमच्याकडं आणा."

तो आठ दिवस आमच्या ओटीवर झोपला. आई त्याला रोज रिक्षात घालून बोईसरला ड्रेसिंगला न्यायची. त्याला उजव्या हाताने जेवता यायचं नाही आणि डाव्या हाताने जेवायची लाज वाटायची, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. आई सगळ्यांना तसंच जेवायला बसवायला लागली. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून जेवायचो. हे मला पक्कं आठवतं.

बोट दुरुस्त झाली, तो गेला. जाताना म्हणाला, "दीवला या. वणाकबारामध्ये कुणालाही माझं नाव विचारा." पहिली दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींबरोबर त्याचा निरोप यायचा. मग तो बंद झाला. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. तांडेलाला ते कळलं की नाही, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी लग्न झाल्यापासून सालवडला राहते. कुंभवलीच्या बाजूच्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. माझ्या नवऱ्याचं घराणं जळगावकडचं. माझे सासरे कारखान्यात नोकरीला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. नवऱ्याला समुद्रातलं काही कळत नाही, पण मोबाइलवर तिकीट काढण्यात तो हुशार आहे. त्याने शोधून सांगितलं की आईच्या गुडघ्यांना रात्रभराची गाडी आणि पुढे बस झेपणार नाही, पण मुंबईहून दीवला छोटं विमान जातं आणि तासाभरात पोचतं.

"विमान?" आई म्हणाली. "मग माझे बोंबील चालतील का त्यात?"

मी तिला समजावलं की दीवला बोंबलांची काही कमी नाही, तिथे किनारेच्या किनारे बोंबील वाळत असतात.

"त्यांचे वेगळे, आपले वेगळे," आई म्हणाली आणि दोन किलो सुके बोंबील तीन पिशव्यांत बांधून, वरून जुन्या लुगड्यात गुंडाळून, बॅगेच्या तळाशी ठेवले.

चिल्हार फाट्यावरून हायवेने आम्ही मुंबईला गेलो. विमानतळावर आईने आपल्या चपला स्वतःच काढून ट्रेमध्ये ठेवल्या. तिला वाटलं देवळासारखं असेल. तपासणीवाली मुलगी हसली आणि म्हणाली, "आजी, घाला घाला." आईने चपला घातल्या, पण पुढे विमानाच्या शिडीशी आल्यावर तिचा हात पुन्हा चपलेकडे गेला. मी तो धरला.

विमान खरंच छोटं होतं. पंख्यांचं. आईला पंखे दिसले म्हणून बरं वाटलं. म्हणाली, "पंखा दिसतो तरी. मोठ्या विमानात कशानं चालतं ते कळतच नाय." खिडकी तिला दिली. विमान समुद्रावर आलं आणि आईने काचेला नाक लावलं ते खूप वेळ काढलंच नाही. मला पाण्यावर नुसते पांढरे ठिपके दिसत होते. आई सांगत होती, "ती बघ, ती थांबलीय. जाळं लावलंय. ती रिकामी चाललीय, बघ कशी उडत जाते. आणि तो शहाणा बघ, दुसऱ्याच्या जाळ्यावरनं चाललाय." मग उजवीकडे धूसर किनारा दिसला. तिने अर्नाळ्याचं बेट ओळखलं. त्याच्या पुढे धुकंच होतं. पण त्या धुक्यात एका जागी बोट टेकवून ती म्हणाली, "आपलं घर तिथं." मी हो म्हटलं.

दीवचा विमानतळ म्हणजे आमच्या बोईसरच्या एस.टी. स्टँडएवढा असेल. विमानातून उतरायचं आणि चालत इमारतीत जायचं. वारा इतका होता की आईचा पदर डोक्यावरून सुटून मागे सरळ उडत होता. ती मध्येच थांबली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. रक्षकाने हात करून पुढे चला म्हटलं. "थांब रे, वारा कुठला हाय ते बघू दे," आई त्याला मराठीत म्हणाली. त्याला काय समजलं कोण जाणे, तो थांबला.

आत एका बाजूला सामानाचा छोटासा पट्टा. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे. बहुतेक सुटीसाठी आलेली कुटुंबं होती, टोप्या घातलेली, मुलांच्या हातात फुगवायच्या रंगीत ट्यूबा. सामान आलं आणि सामानाच्या आधी वास आला. उन्हात गरम झालेल्या बॅगेतल्या बोंबलांचा तो वास त्या बंद खोलीत चांगलाच पसरला. एक बाई नाकाला रुमाल लावून नवऱ्याला म्हणाली, "किसी की मछली सड गयी लगता है."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ठरवलं, सगळे गेल्यावर बॅग उचलायची. आई पुढे झाली, बॅग ओढून काढली आणि त्या बाईला शांतपणे म्हणाली, "सडली नाय बाय. सुकली हाय."

बाहेर आलो तर हॉटेलांच्या गाड्या आपापले पाहुणे घेऊन निघूनही गेल्या होत्या. पाच मिनिटांत सगळं रिकामं. विमान परत गेलं की इथे दिवसभर दुसरं काही नसतं हे मला नंतर कळलं. एका झाडाखाली तीन रिक्षा उभ्या होत्या, त्यांतल्या दोन भरून गेल्या. झाडही विचित्र, ताडासारखं पण वर जाऊन दोन फांद्या फुटलेलं. उरलेल्या रिक्षावाल्याने बॅग उचलता उचलता विचारलं, "कौनसा हॉटेल?"

"वणाकबारा," आई म्हणाली.

"वहाँ कोई टूरिस्ट नहीं जाता, माजी. वहाँ तो मच्छी का वास आएगा."

आई एवढी हसली की तिला रिक्षाचा दांडा धरावा लागला. मला म्हणाली, "ह्याला सांग, मच्छीचा वास आमी घेऊनच आलोय."

रिक्षावाला पन्नाशीचा, बोलका. बॅग पायाशी ठेवल्यावर त्याला आपोआप सगळं समजलं. वाटेत त्याने माहिती काढून घेतली: कुठून आलात, कुणाकडे, किती वर्षांनी. बेट अरुंद आहे, एका बाजूला समुद्र संपतो न संपतो तोच दुसऱ्या बाजूची खाडी दिसते. पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा. तिथे पोचलो तर धक्क्यावर बोटींची एवढी दाटी की पाणी दिसत नव्हतं. रंग वेगळे, झेंडे वेगळे, पण जाळी विणत बसलेले म्हातारे आमच्या गावासारखेच. आई रिक्षातून उतरली आणि गुडघे विसरून त्यांच्याकडे चालू लागली.

आमच्या भागात गुजराती सगळ्यांना थोडंफार येतं. आईने मराठी, हिंदी, गुजराती एकत्र करून तांडेलाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण हळूच म्हणाला, "तो तर वारला. तीन वर्षं झाली."

आई तिथेच जाळ्यांच्या ढिगावर बसली. मग म्हणाली, "घर दाखवा."

घर मागच्या गल्लीत होतं. दारात त्याची बायको बसली होती, साठीतली, बारीक, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आईने तिचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. ती बाईही रडायला लागली. कोण, कुठली, काही विचारलं नाही, दारात आलेली बाई आपल्या नवऱ्यासाठी रडते एवढं तिला पुरलं. मी ओट्याच्या कडेला उभी. रिक्षावाल्याने टोपी काढली. आईने बॅग उघडली, लुगड्यातून बोंबील काढले आणि दोन पिशव्या तिच्या मांडीवर ठेवल्या. मग आम्हाला आत बोलावलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. आई फोटोसमोर हात जोडून उभी राहिली. बराच वेळ. मग तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा नीट पाहिलं, आणि माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "हा तो नाय गो."

"काय?"

"हा तो नाय. त्याचं नाक असं नव्हतं."

मला काय करावं कळेना. शेवटी रिक्षावाल्यानेच त्या बाईला ते सांगितलं आणि विचारलं. त्याच नावाचा दुसरा कुणी तांडेल, हाताला जखम झालेला, मुंबईकडे वादळात सापडलेला? ती कपाळावर हात मारून हसायला लागली. रडणं अजून गालांवर होतं आणि ती हसत होती. त्या नावाचे गावात दोन तांडेल होते, तिने सांगितलं. वाकड्या हाताचा आणि सरळ हाताचा. माझा सरळ हाताचा. वाकड्या हाताच्याने समुद्र कधीच सोडला, तो आता नागव्याला राहतो, विमानतळाजवळ, पोरगा खोल्या भाड्याने देतो.

मी बोंबलांच्या पिशव्यांकडे पाहिलं. आईने माझी नजर पकडली आणि डोळ्यांनीच गप्प बस म्हणाली. दिलेलं परत घ्यायचा प्रश्न नव्हता. "तूबी चल," ती त्या बाईला म्हणाली. आणि खरंच, ती उठली, दाराला कडी घातली आणि आमच्याबरोबर रिक्षात बसली. म्हणजे आता तिघी बायका, एक बॅग आणि रिक्षावाला, आल्या वाटेने परत. वाटेत त्या दोघी आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलत होत्या, एक मराठीत, एक गुजरातीत. दोघींच्याही नवऱ्यांना कारल्याची भाजी आवडत नसे असं मला समजलं.

नागव्याला रस्त्याच्या कडेला दुमजली घर, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, दारावर खोल्या मिळतील अशी पाटी. अंगणात खुर्चीवर एक उंच म्हातारा वर्तमानपत्र वाचत बसला होता. आम्हाला पाहून जागचं न उठताच म्हणाला, "रूम खाली नहीं है. कल आओ."

आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने ओळखलं नाही. कसं ओळखणार? तेव्हा आई तिशीतली, काडीसारखी होती. आता केस पांढरे आणि अंगाने भरलेली. ती म्हणाली, "हात दाखव."

त्याला वाटलं भविष्य सांगणारी आहे. कंटाळून त्याने हात पुढे केला, डावा.

"तो नाय. उजवा."

त्याने उजवा हात हळूहळू उघडला. पूर्ण उघडत नव्हता, शेवटची दोन बोटं आत वळलेली. तळव्यावर पांढरी जाड रेघ. आईने तिच्यावरून अंगठा फिरवला. "चांगला भरला," ती म्हणाली. "डॉक्टर बोल्ला व्हता, कापावा लागंल."

म्हातारा उभा राहिला. वर्तमानपत्र खाली पडलं. त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे, जणू अजून कुणी येणार आहे. "भाई?" त्याने विचारलं. तो बाबांना भाई म्हणायचा.

"सहा वर्षं झाली," आई म्हणाली.

तो खाली बसला. बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, तिला काही सांगेना, नुसता आमच्याकडे हात करत राहिला. शेवटी वणाकबाराच्या बाईनेच सगळं सांगितलं. चहा आला, खुर्च्या आल्या, बोंबलांची तिसरी पिशवी आत गेली, रिक्षावाल्यालाही बसवून घेतलं. आई त्याच्या बायकोला सांगत होती, ते भिंतीकडे तोंड करून जेवणं, बोईसरच्या रस्त्यावरचे रिक्षाचे धक्के, सगळं. बायको हसत होती. तांडेल मात्र मान खाली घालून बसला होता.

मग तो अचानक बोलायला लागला. हिंदी-गुजरातीत बोलत होता, मी आठवतं तसं मराठीत लिहिते.

"बेन, एक गोष्ट मी तुमच्या घरात सांगायला हवी होती. त्या मोसमात भाईचं जाळं तुटलं होतं ना? ते माझ्या बोटीने तोडलं. मुद्दाम नाही. रात्र होती, घाई होती. पण तुटल्याचं कळलं होतं आणि मी थांबलो नाही. कुणाचं ते ठाऊक नव्हतं. तुमच्या ओटीवर पहिल्याच दिवशी पडलो होतो तेव्हा वर दोरांची भेंडोळी टांगलेली दिसली. भाईच्या दोरात लाल धागा वळलेला असायचा. तोच धागा मी माझ्या बोटीच्या पंख्यात अडकलेला पाहिला होता. आठ दिवस तुमचा भात खाल्ला आणि तोंड उघडलं नाही. मग घरी आल्यावर काय तोंडाने निरोप पाठवू? दोन वर्षं पाठवला, मग लाज वाटायला लागली."

वरून समुद्राचा वारा येत होता, पाटीचा पत्रा वाजत होता. मला रागच आला आधी. मला ते जाळं आठवत होतं. बाबा आणि आई पावसाळाभर ते विणत होते, मी विणायच्या सुयांत दोरा भरून द्यायचे. जाळं गेल्यावर बाबांनी बाकीचा मोसम दुसऱ्याच्या बोटीवर काढला होता. मी काहीतरी बोलणार होते.

"आमाला ठाऊक व्हतं," आई म्हणाली.

मी आणि तांडेल दोघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं.

"तुजी बोट दुरुस्त करताना पंखा कोणी सोडवला? ह्यांनीच ना? ओहोटीला खाली शिरले व्हते. पंख्यात आमचाच दोर गुंडाळलेला. कापून काढला आनि घरी घेऊन आले. मला मोरीत नेऊन दाखवला." ती थांबली, चहाचा घोट घेतला. "लय चिडले व्हते. मी म्हटलं, जा, विचार त्याला. तर म्हणाले, आता तो माझ्या घरात जेवतो, आता कसा विचारू? हात बरा होऊ दे, मग बघतो. तीन दिवस तुज्याशी बोलले नव्हते, आठवतं? सगळ्यांना सांगितलं दाढ दुखते."

मला ती दाढ आठवली. मी शेजारून लवंग आणून दिली होती. बाबांनी ती मुकाट्याने तोंडात धरली होती.

"मग?" तांडेलाने विचारलं.

"मग काय? हात बरा झाला, तू गेलास. राहून गेलं."

"आणि तो दोर?"

"जाळला. चुलीत."

तांडेल उठला आणि आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. त्याची बायको अवघडून आमच्याकडे बघत होती, आत जावं की बसावं तिला कळत नव्हतं. आतून नळाचा आवाज आला. मग तो तोंड धुऊन, ओल्या चेहऱ्याने बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, "चहा थंड झालाय, दुसरा कर."

संध्याकाळी खोलीत मी आईला विचारलं, "मला एवढी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तू लहान व्हतीस. शाळेत बोलली असतीस, गावभर झालं असतं. मग त्याला गावातनं जिवंत जाऊ दिला असता का?"

"मोठी झाल्यावर तरी?"

"तवा विसरले." मग पलंगावर पाय पसरत म्हणाली, "मला ठाऊक व्हतं तो का येत नाय ते. तुज्या बापाला पण ठाऊक व्हतं. म्हणायचे, येईल, येईल. मानूस लाजून येत नसंल तर किती वर्षं वाट बघायची? माझे पन गुडघे गेले. म्हटलं आपनच जाऊन सांगावं, की बाबा, ठाऊक हाय आमाला, ये आता."

आम्ही तिथे तीन दिवस राहिलो. आम्हाला खोली द्यायची म्हणून तांडेलाने आपल्या पोराला गच्चीवर झोपायला लावलं. तोच रिक्षावाला रोज सकाळी हजर व्हायचा, त्याला आता आमच्यात घरच्यासारखा रस निर्माण झाला होता. तांडेल पुढे त्याच्या शेजारी अर्ध्या सीटवर, मी आणि आई मागे. किल्ला पाहिला. आई किल्ल्यात तोफा बघायला आलेल्या लोकांकडे जास्त बघत होती. नागव्याच्या किनाऱ्यावर लोक पॅराशूटला लटकून पाण्यावरून उडत होते, दोरी ओढणाऱ्या बोटी इकडून तिकडे पळत होत्या. आईने बराच वेळ पाहून विचारलं, "एवढ्या बोटी, आनि एकात पन जाळं नाय?"

"ही माणसं ओढतात बेन," तांडेल म्हणाला.

"सोडून पन देतात," आई म्हणाली. तो मोठ्याने हसला. त्याचं हसणं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

वणाकबाराला दोनदा गेलो. त्या बाईने आमचे बोंबील भाजून खाल्ले होते आणि तिचं मत पडलं की बरे आहेत, पण दीवचे जास्त रुचकर. आईला ते मान्य होणं शक्यच नव्हतं. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या खाली उभं राहून त्या दोघी अर्धा तास भांडल्या. तुम्ही उशिरा काढता, तुम्ही मीठ लावता, तुमच्याकडे वाळूच बारीक. तांडेल आणि रिक्षावाला लांब उभे राहून विड्या ओढत होते, मध्ये पडायची कुणाची हिंमत नव्हती. निघताना त्या बाईने आईच्या केसांत अबोलीचा गजरा माळला. विधवेने गजरा घालायचा नाही असं आमच्याकडे अजून मानतात. दोघीही विधवा. आईने डोक्याला हात लावून पाहिला आणि तो तसाच ठेवला.

जाण्याच्या दिवशी तांडेल विमानतळाच्या दारापर्यंत आला. पुढे तिकीट लागतं. तो रक्षकाशी भांडला की मी इथला आहे, हे विमान रोज माझ्या टाकीवरून जातं, मला आत सोड. रक्षक ओळखीचा होता, तरी नाही सोडलं. मग तो दाराबाहेरच उभा राहिला. आम्ही आत बसलो होतो तेवढा वेळ काचेतून दिसत होता. आई दर दोन मिनिटांनी हात करायची, तोही करायचा. शेवटी दोघंही थकले आणि नुसते एकमेकांकडे बघत बसले.

मागच्या थंडीत तो आला. बायकोला घेऊन, रात्रभराच्या गाडीने, बोईसरला सकाळी उतरला. मी रजा काढून स्टेशनवर गेले होते. स्वेटर, मफलर आणि हातात काठी, पण चालताना ताठ. आईने घर दोनदा सारवून घेतलं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांपैकी तिघं-चौघं ओट्यावर येऊन बसले. त्या वादळात बाबांबरोबर होडी घेऊन गेलेल्यांपैकी आता एकच जण उरलाय. त्याने तांडेलाला पाहिलं आणि म्हणाला, "तुला काढताना माझी चांगली चप्पल गेली व्हती." तांडेलाने वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो बिचारा गडबडला, म्हणाला, "अरे, चपलीचं काय घेऊन बसलास!"

जेवायच्या आधी तांडेलाने आईला विचारलं, भाईचे खुंट कुठे असायचे? आम्ही किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, खडक उघडे पडले होते. पलीकडे कारखान्यांचा धूर आणि इकडे कुणाकुणाची जाळी वाळत घातलेली. बाबा गेल्यावर आमच्या जागेवर आता माझा चुलतभाऊ जाळं लावतो. आईने बोट करून दाखवलं, त्या दोन खडकांच्या मधून सरळ बघ, तिथं. तांडेल चप्पल काढून पाण्यात गेला, गुडघ्यापर्यंत. काठी त्याने किनाऱ्यावरच टाकली होती. मी पुढे व्हायला लागले तर त्याच्या बायकोने मला अडवलं.

तो तिथे उभा राहून काहीतरी बोलत होता. वारा आमच्याकडून त्याच्याकडे होता, त्यामुळे एक शब्द ऐकू आला नाही. आईने थोडा वेळ वाट पाहिली. मग तोंडाशी दोन्ही हात धरून, गावातल्या बायका होडीवरच्या नवऱ्यांना मारतात तशी लांबलचक हाक मारली, "चल रं आता! कालवण गार होतंय!"

तो वळला आणि ओल्या लेंग्याने, एकेक खडक चाचपत, परत यायला लागला.